किल्ली हरवलेला माणूस

सायकलचं मागचं चाक हातानं उचलून कुणी चाललेलं दिसलं, की ती घटना मला आजही आठवते. चाकाला कुलूप, कपाळाला आठ्या, आणि तोंडानं पुटपुटणं चालू. असा माणूस दिसला की बाकीचे म्हणतात, बिचाऱ्याची किल्ली पडली वाटतं. मी मात्र आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग हात पुढे करतो. पोलिसाची नोकरी संपते, पण ही खोड काही जात नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. मी मूळचा नांदेडचा, फौजदार म्हणून बदलीवर तिकडे गेलो. नव्या जिल्ह्यात पाट्या आधी येतात, खुर्च्या मागून येतात आणि माणसं सगळ्यात शेवटी येतात, हे तिथं कळलं. त्यात दुष्काळ. पाऊस लागोपाठ रुसलेला, विहिरींचे तळ दिसत होते, गावाला टँकरचं पाणी. आम्हा पोलिसांची निम्मी ड्युटी टँकरच्या रांगेवर जायची. भांडणं घागरीवरून, आणि गुन्हा दाखल होईस्तोवर दोघंही शेजारी शेजारी बसून बिडी ओढायचे.

त्या दिवसांत सायकल म्हणजे घरातला कर्ता माणूस होता. ज्याच्या त्याच्या कॅरियरला वेल्डिंग करून लोखंडी आकडे बसवलेले आणि दोन्ही बाजूंना दोन घागरी. सायकल असली तर लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जाता यायचं. नसली तर रांगेत उभं राहायचं आणि नशिबाची वाट बघायची. म्हणून सायकली चोरीला जायला लागल्या तेव्हा मी ते प्रकरण हलक्यात घेतलं नाही. वरून खुनाचे आणि दरोड्यांचे तपास मागे होतेच, पण सायकल गेलेला माणूस ठाण्यात येऊन ज्या आवाजात बोलायचा, तो आवाज दरोड्यातल्या फिर्यादीपेक्षा वेगळा नसायचा.

एक दिवस सकाळची हजेरी आटोपून मी बसलो होतो, तेवढ्यात पांढऱ्या साडीतली एक बाई आत आली. वय तिशीच्या आसपास. आरोग्य खात्यात नर्स होती, आसपासच्या खेड्यांवर तिची नेमणूक. आम्ही सगळे पुढे तिला सिस्टर म्हणायचो, इथंही तेच म्हणतो. तिनं टेबलावर काळ्या दोऱ्यात ओवलेली एक छोटी किल्ली ठेवली.

"साहेब, सायकल गेली माझी. लेडीज सायकल. कुलूप लावलं होतं, ही बघा किल्ली. कुलूप न लावता गेलीस म्हणून मला कुणी बोलायचं न्हाई."

म्हटलं, "अजून कुणी बोललं नाही, सिस्टर."

"बोलणार हायेत," ती म्हणाली. "म्हणून आधीच सांगून राहिले."

ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहून घेतली आणि कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवला. लिहिता लिहिता बाकीचं बाहेर आलं. सासर उदगीरचं, व्यापारी घर, कपाळाला भस्म लावल्याशिवाय दुकानाची फळी न काढणारे सासरे. सुनेनं नोकरी करावी हेच त्यांना पसंत नव्हतं, त्यात सुनेनं सायकलवर बसून खेडोपाडी हिंडावं हे तर मुळीच नाही. नवऱ्यानं कसंबसं वडिलांना तयार केलं होतं. सिस्टर लातुरात आईकडे राहून नोकरी करत होती, नवरा रविवारी यायचा. आता सायकल गेल्याचं कळल्यावर सासऱ्यांचा निरोप आला होता, की देवानंच वाट दाखवली, पाडव्याच्या आधी मी न्यायला येतो, राजीनामा लिहून ठेव.

"नवी सायकल घ्या," ठाणे अंमलदार म्हणाला.

"घेईन की. पण मामंजी म्हणणार, एक सांभाळता आली न्हाई, दुसरी कशाला? अन् सायकल न्हाई तर मी खेड्यावर जाऊ कशी? सकाळची यष्टी गेली की संध्याकाळची. विहिरीत औषध टाकायचं कुणी? लोक गढूळ पाणी पिऊन राहिलेत साहेब. हगवण लागली की पोरं हातात राहत न्हाईत."

त्या बाईला तीस वर्षांची झाल्यावर सायकल शिकावी लागली होती. मैदानात शिकताना बायका दारात उभ्या राहून हसायच्या, हे तिनंच सांगितलं. मला राहवलं नाही. म्हटलं, पाडव्याच्या आत बघतो. पोलिसानं असा शब्द देऊ नये, पण दिला.

तपासाची नेहमीची वाट मी धरली. तासावर सायकली देणारी दुकानं बघितली, जुन्या सायकलींचा बाजार बघितला, पंक्चरवाल्यांना विचारलं. काही नाही. मग गेलेल्या सगळ्या सायकलींचे पंचनामे एकत्र काढून वाचले, तेव्हा एक गोष्ट खटकली. एकाही जागी तुटलेलं कुलूप सापडलं नव्हतं. चोर कुलूप तोडतो तेव्हा ते तिथंच टाकतो, खिशात घालून मिरवत नाही. म्हणजे सायकल कुलपासकट जात होती. पण भर दिवसा, गर्दीतून, कुलूप लावलेली सायकल नेणार कशी?

उत्तर एका तक्रारीतून आलं. आमच्या ठाण्यापासून थोड्या अंतरावर एक किल्ल्या बनवणारा बसायचा. तो एक दिवस लालबुंद होऊन आला.

"साहेब, माझी शिकायत हाय. गावात कुणीतरी नवा किल्लीवाला बसलाय. माझं गिऱ्हाईक तोडून राहिलाय."

"कुठं बसलाय?"

"ते तुम्ही शोधा. मला एवढंच ठावं, की कुलूप लागलेल्या सायकली माझ्या समोरून जातेत अन् माझ्याकडं कुणी थांबत न्हाई. मागचं चाक उचलून पुढं निघून जातेत. मी हाका मारतो, तरी वळून बघत न्हाईत. आता मला सोडून किल्ली बनवायला जातेत कुठं?"

मी खुर्चीत सरळ झालो. गावात दुसरा किल्लीवाला नव्हता, हे मला माहीत होतं.

आता इथं आमच्या लोकांचा एक स्वभाव सांगायला हवा. तेव्हाचं सायकलचं कुलूप म्हणजे मागच्या चाकावर बसवलेली लोखंडी कडी. ती चाकाला सायकलशी बांधते, सायकलला जमिनीशी नाही. हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. आणि मराठवाड्यात कुणी एकटा ओझं ओढताना दिसला तर माणूस न विचारता हात लावतो. तुम्ही चाक उचलून दहा पावलं चाला, अकराव्या पावलाला कुणीतरी म्हणणारच, "किल्ली पडली व्हय मालक? धरू का?" चोर सायकल उचलत होता आणि गाव त्याला हातभार लावत होतं.

मला वाटलं, झालं, प्रकरण सुटलं. रिक्षाला भोंगा बांधला आणि गावभर फिरवला. कुलूप लावलेली सायकल कुणी उचलून नेताना दिसला तर त्याला मदत करू नका, ठाण्यात कळवा. भोंगा फिरला आणि चोऱ्या थांबल्या. पण गेलेली एकही सायकल परत आली नाही, आणि पाडवा जवळ येत होता.

चारसहा दिवसांनी दुपारी ठाण्यासमोर गलका झाला. पाचपन्नास माणसं, पुढे दोन दुकानदार, आणि त्यांच्या मधे सिस्टर. घामानं साडी भिजलेली, एका हातात औषधांची पेटी.

"साहेब, सायकलचोर पकडला," एक दुकानदार ऐटीत म्हणाला. "बाईच्या वेषात हिंडून राहिला होता म्हणा की."

"वेषात न्हाई, मी बाईच हाय," सिस्टर म्हणाली.

झालं होतं असं, की तिनं दवाखान्यातल्या कंपाउंडरची सायकल मागून घेतली होती. गर्दीत किल्ली पडली. चाक उचलून ती एकटी बाजारातून निघाली, तर एकानंही हात लावला नाही. उलट लोक बाजूला सरले आणि शेवटी धरून आणलं. गर्दीला मी हाकललं, पाणी मागवलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं मला जे सुनावलं ते वरिष्ठांनीही कधी सुनावलं नव्हतं.

"हे भोंग्याचं डोकं कुणाचं?"

"माझं."

"मला तिकडं खेड्यावर बाळंतीण वाट बघून राहिलीय अन् मी भर बाजारात चोर म्हणून उभी. एक माणूस पुढं आला न्हाई साहेब. एरवी या गावात असं होत न्हाई. अन् तुमचा चोर? तो भोंगा ऐकून घरी निवांत बसला असंल."

"मग करू काय?"

"मदत करू नका, असं कशाला म्हणता? करा म्हणा. पण उचलू लागलात तर किल्लीवाल्यापर्यंत सोबत जा. ज्याची किल्ली खरंच पडली त्याला सोबत नको कशाला वाटंल? ज्याला नको वाटंल तो तुमचा."

एवढी साधी गोष्ट, आणि ती मला सुचली नव्हती. आमच्या हवालदारानं मात्र लगेच मान हलवली. हा हवालदार वयानं माझ्यापेक्षा मोठा, निवृत्तीला आलेला, अंगानं आडवा आणि स्वभावानं मऊ. "साहेब, साध्या कपड्यात मीच जातो," तो म्हणाला. तरणे शिपाई असताना हा का एवढा आग्रह करतोय, असं मला वाटलं. पण त्याच्या तोंडाकडे बघून मी हो म्हटलं. सिस्टरला खेड्यावर आमच्या जीपनं पोहोचवलं.

भोंगा बंद केला. गाव दोनचार दिवसांत पुन्हा पूर्वीसारखं झालं. हवालदार धोतर, टोपी, खांद्यावर पंचा अशा अवतारात टँकरजवळ बसायला लागला. खरोखर किल्ली हरवलेले दोघं त्याला भेटले. दोघांनाही तो किल्लीवाल्याकडे घेऊन गेला आणि दोघांनीही त्याला चहा पाजला. किल्लीवाल्याची शिकायत तेवढ्यापुरती मिटली.

तिसरा माणूस चाळिशीचा होता. स्वच्छ सदरा, डोक्याला टॉवेल, कॅरियरच्या आकड्यांना दोन घागरी. चाक एका हातानं सहज उचललेलं. किल्ली हरवल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घालत चालला होता. लोकांना वाटतं चोर घाबरलेला दिसतो. सराईत चोर घाबरलेला दिसत नाही, वैतागलेला दिसतो.

हवालदारानं मागून चाकाला हात लावला. "किल्ली पडली व्हय? चला, किल्लीवाल्याकडंच ना?"

"हाव. तिकडंच."

किल्लीवाल्याची जागा आली. माणूस थांबला नाही. "ह्यो न्हाई, दुसरा हाय पुढं," म्हणाला. हवालदार म्हणाला, "चला की मग." गंजातली बाजारपेठ ओलांडली. माणूस म्हणाला, "बस झालं पाव्हणं, लई उपकार झाले, इथून मी नेतो." हवालदार म्हणाला, "नेता कसं? घागरी हायेत, सायकल हाय. मला कुठं काम हाय?" औशाच्या रस्त्याला लागल्यावर माणूस दर थोड्या वेळानं वळून बघायला लागला. शेवटी त्यानं चाक खाली ठेवलं आणि म्हणाला, "तुम्हाला घरदार हाय का न्हाई?"

"हाय की," हवालदार म्हणाला. "चला, दाखवतो." आणि मनगट धरून ठाण्यात आणलं.

चौकशीत तो पहिल्यांदा काहीच बोलेना. सायकल माझीच, एवढंच म्हणे. मी मारहाणीच्या बाजूचा कधी नव्हतो. मारानं माणूस बोलतो, पण खरंच बोलतो असं नाही. त्याला बाकावर बसवलं, चहा दिला आणि माझं काम करत राहिलो. गप्प माणसाला दुसऱ्याचं गप्प राहणं सोसत नाही. तासाभरानं त्यानंच तोंड उघडलं.

"मी कुलूप तोडलं का साहेब?"

"नाही."

"कुणाला धाक दाखवला? रात्री अंधारात गेलो? दिवसा, चार माणसांदेखत उचलली. चार माणसं उचलू लागली. मग मी एकटाच चोर कसा? समदं गाव आणून बसवा की हितं." आणि मग त्यानं हवालदाराकडे बोट केलं. "ह्यांना पण बसवा. आज दुसऱ्यांदा उचलू लागलेत. मागं डिरेसवर होते, खाकीत. ती बायकांची सायकल होती तवा."

हवालदार भिंतीला टेकला. तोंड गोरंमोरं. सिस्टरची सायकल गेली त्या दिवशी ह्यानंच तिचं चाक उचलून चोराला रस्ता ओलांडून दिला होता! किल्लीवाल्याची तक्रार ऐकल्यावर त्याला ते उमगलं होतं, आणि तेव्हापासून तो मनातल्या मनात जळत होता.

"बायकोची सायकल हाय म्हणला, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "बायकोला दवाखान्यात न्यायचंय म्हणला. मी टोपी काढून ठेवली अन् उचलली."

"हवालदार, तुमचाही जबाब घ्यावा लागेल," मी म्हटलं. "साक्षीदार म्हणून." त्याचा चेहरा बघून मला हसू आवरेना, आणि मग तोही हसला. हसला नाही फक्त आरोपी. त्याला खरंच वाटत होतं की आपल्यावर अन्याय झालाय.

पुढचं सोपं होतं. एकदा फुशारकी मारली की माणूस माल कुठंय तेही सांगतो. हा आधी अडतीवर हमाली करायचा. माल यायचा बंद झाला तशी हमाली सुटली, पण हातातली ताकद होती. सायकली गावाबाहेरून ट्रकवर टाकून औशाला घरामागच्या गोठ्यात ठेवायच्या, कुलूप कापायचं, रंग द्यायचा आणि यष्टीच्या टपावर टाकून नांदेडकडे न्यायच्या, तिथून किनवटच्या जंगलातल्या गावांत विकायच्या. तिकडे लातूरचा माणूस सायकल ओळखायला कशाला जातोय? किनवटला पथक पाठवून पुढे बऱ्याचशा परत मिळाल्या.

"आणि लेडीज सायकल?" मी विचारलं. मला तिचीच धास्ती होती.

त्यानं तोंड वाकडं केलं. "ती हाय तशीच पडलीय गोठ्यात. बाईची सायकल कोण घेतंय साहेब? कुलूप कापायची मेहनत बी वाया."

ज्या सायकलवर गाव हसलं होतं, ती हसण्यामुळेच वाचली होती. पंचांना घेऊन औशाला गेलो. गोठ्यात, कडब्याच्या मागे, धुळीनं माखलेली, पण कुलपासकट शाबूत. पंचनामा करून जप्त केली. सायकल सुपूर्दनाम्यावर फिर्यादीला द्यायला न्यायालयाचा हुकूम लागतो. न्यायाधीश साहेबांना दुष्काळाची आणि विहिरींची गोष्ट सांगितली, हुकूम लवकर मिळाला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सिस्टर ठाण्यात आली, आणि तिच्यामागे सासरे. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, हातात पिशवी. सुनेचा राजीनामा घेऊन संध्याकाळच्या यष्टीनं तिला घेऊन जायचं म्हणूनच ते आले होते. मी म्हटलं, "बसा अप्पा." ते बसले नाहीत.

हवालदारानं मुद्देमालाच्या खोलीतून सायकल आणली. चाक त्यानंच उचललं होतं, अर्थात. "सिस्टर, हिचं चाक दुसऱ्यांदा उचललं," तो पुटपुटला. तिला ते कळलं नाही, आणि आम्ही कुणी सांगितलं नाही.

सिस्टरनं गळ्यातला काळा दोरा काढला. पंचांसमोर किल्ली लावली. धुळीनं कुलूप जरा अडलं, मग खट्कन उघडलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं सीट पुसली, चाक फिरवून बघितलं आणि मला म्हणाली, "साहेब, हवा कमी हाय जरा."

अप्पा हे सगळं बघत होते. मी त्यांच्याजवळ गेलो. भोंग्याची गोष्ट सांगितली, बाजारात तिला चोर म्हणून धरल्याची सांगितली, आणि चोर पकडायची युक्ती तिची होती हेही सांगितलं. म्हटलं, "अप्पा, फौजदार मी, पण डोकं तुमच्या सुनेचं."

ते पिशवी खाली ठेवून ठाण्याबाहेर निघून गेले. सिस्टरचा चेहरा उतरला. आम्ही सगळे उगाच कागद चाळत बसलो. थोड्या वेळानं अप्पा परत आले. हातात जाड लोखंडी साखळी आणि पितळी कुलूप. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं होतं. त्यांनी ते सायकलच्या आकड्याला अडकवलं.

"ते चाकाचं कुलूप कामाचं न्हाई," ते सुनेला म्हणाले. "खांबाला बांधत जा."

मग पिशवी उचलून मला विचारलं, "उदगीरची यष्टी किती वाजता हाय?" एकट्याचीच विचारली.

त्या दिवसानंतर मी जिथं जिथं बदलीवर गेलो तिथं शाळांत, महाविद्यालयांत, आठवडी बाजारात अप्पांचं वाक्य सांगत आलो. आता लातुरात क्लासच्या बाहेर हजारांनी सायकली लागतात, तिथंही सांगतो. चाकाचं कुलूप लावा, पण त्यावर विसंबू नका. साखळी घ्या, आणि ती चौकटीतून आणि मागच्या चाकातून काढून पक्क्या खांबाला बांधा. नुसतं पुढचं चाक बांधाल तर चोर चाक ठेवून बाकी सायकल नेतो. खांब वरून मोकळा नाही ना, हे बघा, नाहीतर साखळी वरून काढून घेतात. कुलूप जमिनीपासून उंच राहू द्या, जमिनीवर टेकलं की हातोड्याला सोपं जातं. चौकटीवरचा नंबर घरी लिहून ठेवा. दुसरी किल्ली घरी ठेवा, सीटखाली खोचू नका, आपल्याला सुचलेली जागा चोरालाही सुचते.

हे सगळं मी पाठ म्हणतो. पण त्या प्रकरणानं मला शिकवलं ते वेगळंच. गावाची माणुसकी वापरून चोरानं चोरी केली, म्हणून मी माणुसकीलाच कुलूप लावायला निघालो होतो. सिस्टरनं ते उघडलं.

परवा संध्याकाळी फिरायला गेलो होतो. क्लासमधून सुटलेली एक मुलगी सायकलचं चाक उचलून चालली होती, रडवेली झालेली. मी मागून हात लावला.

"राहू द्या आजोबा, तुम्हाला नाही जमणार. मी नेते."

"जमतं मला. किल्लीवाल्यापर्यंत सोबत येतो."

"कशाला उगाच त्रास?"

"अगं, चल तर," मी म्हटलं. "मला एका सिस्टरनं तसं सांगून ठेवलंय."

ती हसली, आणि चला म्हणाली. गुडघे दुखत होते, पण मी शेवटपर्यंत गेलो. किल्लीवाल्याकडे पोहोचल्यावर तिनं मला बसायला स्टूल ओढून दिलं.